आमच्या नावावरची जाहिरात

आमच्या दुकानाचं नाव कोणी फोनवर शोधलं, तर सगळ्यात वर आमचंच दुकान दिसावं, एवढीच माझी मागणी होती. यापेक्षा साधी मागणी कोणी केली असेल असं मला वाटत नाही. पण तीसुद्धा पुरी होईना, आणि का होत नाही ते ज्या दिवशी कळलं त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अजून पुरती उतरलेली नाही, तेव्हा मी हे शांतपणे सांगेन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

आमचं दुकान वॉशिंग मशीन आणि फ्रिज दुरुस्तीचं. मशीन आमचे हे उघडतात, फोन मी उचलते. सासऱ्यांनी दुकान काढलं तेव्हा ते मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर होतं. सासरे गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. भाऊजींनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, कोपऱ्यावरची जागा घेतली आणि तिथे नव्या मशीनची शोरूम थाटली. आमच्या वाट्याला आली मागच्या गल्लीतली एक लांबोडकी खोली, आणि दुकानाचं नाव, म्हणजे सासऱ्यांचंच नाव. हे सगळं सासूबाईंसमोर ठरलं होतं. विक्री थोरल्याची, दुरुस्ती धाकट्याची, आणि नाव दुरुस्तीबरोबर जाणार, कारण लोकांच्या तोंडी ते दुरुस्तीसाठीच बसलेलं होतं. भाऊजींनी शोरूमला नवं झगझगीत नाव दिलं. मला वाटलं, जागा गेली तर गेली, नाव तर आपल्याकडे राहिलं. मी तेव्हा बरीच भोळी होते.

गल्लीत येणारं-जाणारं कोणी नाही. समोर एका गोदामाची मागची भिंत, शेजारी सदा बंद असलेला झेरॉक्सवाला. आत शिरलं की डावीकडे उघडी पडलेली मशीनं, उजवीकडे फ्रिजची दारं भिंतीला टेकवलेली, आणि ओल्या साबणाचा वास. मागे हे, पुढे मी, माझ्यासमोर लॅपटॉप आणि फोन. असल्या ठिकाणी गिऱ्हाईक आपल्या पायाने येत नाही, त्याला बोलवावं लागतं. म्हणून जाहिरात.

पहिल्यांदा आम्ही एक जाहिरातवाला धरला. हसरा माणूस. त्याने हसत हसत सगळं एका पोत्यात कोंबलं. मशीन, फ्रिज, दुरुस्ती, सर्व्हिस, सगळ्याचं मिळून एकच कॅम्पेन, आणि नकाशावर अख्खं शहर. मग काय विचारता! एकाला घड्याळ दुरुस्त करून हवं होतं, एकीला छताची गळती थांबवायची होती, आणि एका आजोबांनी कवळीचा निघालेला दात बसवून द्याल का म्हणून इतक्या अजिजीने विचारलं की नाही म्हणताना माझ्याच जिवावर आलं. जाहिरातीवर कोणी बोट लावलं की आमचे पैसे जातात, मग ते बोट मशीनसाठी असो की कवळीसाठी. मी जाहिरातवाल्याला कोपरापासून हात जोडले आणि स्वतः शिकायला बसले.

शिकले ते व्हिडिओ बघून, भाजी चिरता चिरता. फार अवघड नाही ते. स्वयंपाकघरात डबे लावायचे तसंच आहे, मिठाच्या डब्यात साखर गेली की सगळा घोटाळा. मी फ्रिज वेगळा काढला, मशीन वेगळं. मशीनच्या कॅम्पेनमध्ये पुन्हा दुखण्याप्रमाणे गट पाडले आणि प्रत्येक गटाला स्वतःची जाहिरात दिली. शब्द मात्र फोनवर ऐकलेलेच घातले. कुठलीही बाई फोन करून पंप निकामी झालाय असं म्हणत नाही. ती म्हणते, मशीन तुंबलंय. म्हणते, कपडे नुसते ठिबकतायत. म्हणते, मशीन नाचत नाचत दारापर्यंत आलंय हो. नाचणाऱ्या मशीनचा मी एक अख्खा गट केला आणि वर लिहिलं, ‘मशीन नाचतंय? आम्ही थांबवतो.’ आमच्या यांनी ते वाचलं आणि इतके हसले की हातातला पाना पायावर पडता पडता राहिला.

नको त्या शब्दांचीही एक यादी असते, ते शब्द आले तर जाहिरात दाखवूच नका असं सांगायची सोय. त्यात मी घड्याळ घातलं, छप्पर घातलं, कवळी घातली, नोकरी आणि कोर्स घातला. नकाशावर वर्तुळ काढलं ते आमची स्कूटर जाऊन परत येऊ शकेल एवढंच. मी फोनपाशी नसेन तेव्हा जाहिरात बंद. आणि या सगळ्यापासून वेगळं, छोटंसं, एक कॅम्पेन फक्त आमच्या नावाचं केलं. ज्याला आम्हीच हवे आहोत त्याने नाव टाकलं, तर त्याचा रस्ता चुकू नये म्हणून.

बाकी सगळं धावायला लागलं. फोन येऊ लागले, तेही मशीनचेच. पण नावाचं कॅम्पेन काही केल्या उभं राहीना. जे सगळ्यात स्वस्त पडायला हवं ते सगळ्यात महाग पडत होतं, आणि फोन जेमतेम. मी शब्द बदलले, ओळी बदलल्या, डोकं पिकवलं. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. यांना म्हटलं की हे मान वर न करता म्हणायचे, “जाऊ दे ना. बाकीचं चाललंय की.”

तुम्ही विचाराल, बाई, फोनवर स्वतःचं नाव टाकून एकदा बघितलंत का नाही? नाही बघितलं. स्वतःची जाहिरात स्वतः शोधू नये, त्याने आकडे बिघडतात, असं त्या व्हिडिओत सांगितलं होतं, आणि मी ते देवाची शपथ घेतल्यासारखं पाळलं. यांनाही सांगितलं होतं, शोधू नका. हे लगेच म्हणाले, नाही शोधत. आता कळतं की इतक्या तत्परतेने हे एरवी काहीच कबूल करत नाहीत.

मग एके सकाळी शाळेतल्या बाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, सासऱ्यांच्या वेळेपासूनच्या गिऱ्हाईक. पायऱ्या चढून आल्या त्याच तोंड सोडत.

“लाज नाही वाटत तुम्हाला? तुमच्या सासऱ्यांनी माझं मशीन तीनदा उभं केलं होतं. आणि तुमचा माणूस येतो, झाकण उघडतो, आणि म्हणतो आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड जळालं, मशीन मोडीत काढा!”

“आमचा माणूस? बाई, आमच्याकडे माणूसच नाही. हेच येतात सगळीकडे.”

“खोटं नका बोलू माझ्याशी. मी नाव शोधून फोन केलाय. जुनं मशीन उचलून नेलं, नवं माझ्या गळ्यात मारलं. आणि पाणी जात नव्हतं, एवढंच झालं होतं हो. पाणी जात नव्हतं!”

पाणी जात नाही, यात दहातल्या नऊ वेळा पंपाच्या जाळीत एखादं नाणं नाहीतर केसाची पिन अडकलेली असते. जाळी फिरवायची, काढायची, धुवायची. हे त्याचे पैसेही धड घेत नाहीत. आतल्या बाजूला यांचा खडखडाट एकदम थांबला. मला वाटलं, हेही माझ्यासारखेच चकित झालेत.

“बाई, तुमचा फोन द्या जरा,” मी म्हटलं. त्यांनी दिला. मी आमचं नाव टाकलं.

सगळ्यात वर आमचं नाव होतं. आमच्या सासऱ्यांचं नाव, जाड अक्षरात, ‘दुरुस्ती व नवीन मशीन’. आणि खाली फोन नंबर होता शोरूमचा. आम्ही त्याच्या खाली होतो. या जाहिरातींचा लिलावच असतो, ज्याची बोली जास्त तो वर. म्हणजे आमच्याच नावासाठी मी रोज बोली लावत होते आणि माझ्याविरुद्ध बोली चढवत होते भाऊजी. ते वरचढ राहिले की आमचं गिऱ्हाईक त्यांच्याकडे, आणि मी वरचढ राहिले की खिसा आमचा रिकामा. आणि गिऱ्हाईक गेलं त्याचंही एक वेळ सोडा. त्यांचा माणूस आमच्या नावाने लोकांच्या घरात शिरत होता, धडधाकट मशीनला मेलेलं ठरवत होता आणि शोरूममधलं नवं विकत होता. शिव्या मात्र आमच्या पदरात.

मी बाईंना बसवलं, पाणी दिलं, मीच माफी मागितली. मग चप्पल घातली.

“कुठे चाललीस?” यांनी आतून विचारलं.

“कोपऱ्यावर.”

“थांब. मी बोलतो दादाशी. नंतर.”

मी थांबले नाही.

शोरूममध्ये मशीनं अशी ओळीने उभी होती, पांढरी, कोरी, प्रत्येकाच्या डोक्यावर सवलतीचा कागद. गल्ल्यावर जाऊबाई. भाऊजी आत काचेच्या खोलीत. मला बघून उठून बाहेर आले. भाऊजींचा आवाज कधी चढत नाही. माझा चढतो, म्हणून घरात भांडकुदळ मी ठरले आणि समजूतदार ते.

“ये, ये. बस. पाणी सांगू?”

“आमच्या नावावर जाहिरात कोणी टाकली, भाऊजी?”

“आमच्या म्हणजे?” ते हसले. “आमच्या वडिलांचं नाव आहे ते.”

“वाटणीत कोणाकडे गेलं? आईंच्या समोर ठरलंय. दुरुस्ती आमची, नाव आमचं. तुम्ही दुरुस्ती कधीपासून करायला लागलात? आणि दुरुस्ती तरी कुठे करताय? लोकांच्या चांगल्या मशीनवर फुल्या मारत सुटलाय तुमचा माणूस. शाळेतल्या बाईंना फसवलंत तुम्ही. ज्यांनी तुम्हाला पाढे शिकवले त्यांना!”

दोन गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. भाऊजींनी माझ्या खांद्यावरून दाराकडे नजर टाकली, आणि तितक्याच मऊ आवाजात म्हणाले, “हे बघ, मी काही चोरून केलेलं नाही. त्याला विचारलं, तो हो म्हणाला. मग केलं. घरी जाऊन नवऱ्याला विचार आधी.”

जाऊबाईंनी नोटांवरची नजर उचलली आणि विचारलं, “अगं बाई, तुला सांगितलं नाही का त्याने?”

कोणी थोबाडीत मारली असती तर परवडली असती. मारणाऱ्याला उलटून मारता तरी येतं. इथे मी काय करणार होते? ज्याच्या बाजूने भांडायला गेले होते, त्यानेच मला तोंडघशी पाडलं होतं. मी तशीच बाहेर पडले. वाटेत कोणीतरी ओळखीचं हसलं, मी त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा रस्ता ओलांडून गेला.

दुकानात हे एका मशीनला आडवं पाडून त्याच्या पोटात हात घालून बसले होते. बाई गेल्या होत्या.

“तुम्ही हो म्हणालात?”

हात बाहेर आला नाही.

“मी काय विचारतेय? दादांनी आपलं नाव मागितलं आणि तुम्ही देऊन टाकलंत?”

“नाव दोघांच्या बापाचंच आहे,” हे मशीनला म्हणाले.

“हे त्यांचं वाक्य आहे. मी आत्ता तिथे ऐकून आले. तुमचं वाक्य सांगा.”

मग हे उठले. हाताला काळं लागलेलं, ते चिंधीला पुसत राहिले. “शोरूम चालत नव्हती गं. दादा स्वतः आला होता इथे. त्या स्टुलावर बसला. म्हणाला, थोडे दिवस नाव वापरू दे. त्याने माझ्याकडे कधी काही मागितलंय? मला सायकल त्याने शिकवली. शाळेत मला कोणी हात लावला की हा मधे. मी नाही कसं म्हणणार?”

“तोंड उघडून! जसं मला म्हणता रोज उठून. नवा पंखा घेऊ का, नाही. रविवारी दुकान बंद ठेवू का, नाही. मला म्हणताना बरी जीभ वळते तुमची.”

“तू वेगळी.”

“हो ना. मी घरची. माझ्यापासून लपवायला हरकत नाही. मी इथे दिवस दिवस डोकं खाजवत बसलेय, नावाचं कॅम्पेन का चालत नाही, का चालत नाही. आणि तुम्ही मागे बसून म्हणताय, जाऊ दे ना! माहीत होतं तुम्हाला.”

हे चिंधीची घडी घालायला लागले.

“आणि तो माणूस लोकांना काय सांगत फिरतो, तेही माहीत होतं?”

“एकदोघांनी सांगितलं होतं.”

“मग?”

“दादाशी बोलणार होतो.”

मला त्या क्षणी इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं, आणि त्याचा आणखी राग आला. हा माणूस दुसऱ्याने फेकून दिलेलं मशीन उचलून आणतो, बेअरिंग बदलतो, कान लावून ऐकतो, आणि कुठून आवाज येतोय ते कळेपर्यंत जेवत नाही. याच्या हातात इतकी वर्षं कमावलेलं काय होतं? हातातली कला आणि ते नाव. त्यातलं नाव त्याने स्टुलावर बसलेल्या भावाला देऊन टाकलं होतं, आणि ते आता घरोघर जाऊन लोकांना लुबाडत होतं. आणखी चार महिने असेच गेले असते, तर या गल्लीतलं दुकान बंद करून आम्हीही शोरूममध्ये मशीनं पुसायला उभे राहिलो असतो, आणि भाऊजींनी तेही मऊ आवाजात सुचवलं असतं.

“लावा फोन,” मी म्हटलं. “आत्ता. माझ्यासमोर. सांगा, जाहिरात काढ.”

यांनी लावला. “दादा... हो, मी. नाही, काही नाही. ती आली होती ना तिकडे... हो. हो, रागीट आहे जरा. बरं, आईचा खोकला कसा आहे?”

मी यांच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. आईचा खोकला! सख्ख्या सासूबाई, त्यांना दीर्घायुष्य लाभो, पण त्या दिवशी मला त्यांच्या खोकल्याचासुद्धा राग आला.

तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. मी स्पीकरवर घेतला, यांनाही ऐकू जाऊ दे म्हणून. पलीकडे एक नर्स होती, रुग्णालयातून घरी जाता जाता बोलत होती, मागे गाड्यांचा आवाज.

“तुमचा माणूस काल येऊन गेला ना आमच्याकडे. मशीन पाणी भरतं आणि भरता भरता सोडूनच देतं. तो म्हणाला आतलं सगळं गेलंय, नवं घ्या. आज पैसे भरायचेत. दुसरा नंबर लागत नाही म्हणून नेटवरून हा काढला. म्हटलं एकदा विचारून घ्यावं. खरंच गेलंय का हो?”

मी यांच्याकडे बघितलं. यांचा चेहरा बदलला. भाऊ, जाहिरात, मी, सगळं मागे पडलं. मशीन पाणी सोडतंय, एवढंच उरलं.

“ताई, मशीनमागचा जाड पाइप बघितलात का?” हे म्हणाले. “पाणी बाहेर जायचा. तो वर अडकवलेला आहे की खाली जमिनीवर पडलाय?”

“खाली. आम्ही फरशी पुसायला मशीन ओढलं होतं, तेव्हा निघाला.”

“मग काही झालेलं नाही. पाइप खाली पडला की पाणी आपोआप ओढलं जातं. तो मागे आकड्यात वर अडकवा, आणि लावून बघा. पैसे भरू नका कुठे.”

“एवढंच?” ती हसली, आणि लगेच हसायची थांबली. “मग तुमचा माणूस असं का म्हणाला?”

मी बघत होते. एका वाक्याचं काम होतं, तो आमचा माणूस नाही. चार साधे शब्द.

“आमचाच होता,” हे म्हणाले. “नवीन आहे. चुकला तो. माफ करा.”

मी फोन ओढून घेतला. “नाही, ताई. आमचा नव्हता. आमच्याकडे माणूसच नाही, आत्ता तुमच्याशी बोलले ते सोडून. आमचं नाव लावून दुसरेच लोक फिरतायत. आम्ही मशीन विकत नाही, कधीच विकलेलं नाही. ओळखीतल्या सगळ्यांना सांगा.” तिने काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं, ते काय होतं ते मला आठवत नाही.

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, “दादाला कळलं तर?”

“कळलं तर नाही. कळणारच आहे.”

मी लॅपटॉप ओढला आणि नावाचं कॅम्पेन उघडलं. यांना भावापुढे तोंड उघडता येत नसेल तर मला येत होतं, आणि माझ्याकडे बोलायची जागाही होती. आमचं नाव शोधणाऱ्या प्रत्येकाला जी जाहिरात दिसते, तिच्यात ओळी घालता येतात. ओळीत मोजकीच अक्षरं मावतात, पण मला काही फार बोलायचं नव्हतं. मी आधीच्या सगळ्या गोडगोड ओळी, ‘विश्वासाची सेवा’ वगैरे, पुसून टाकल्या. लिहिलं, ‘आमचा माणूस मशीन विकत नाही’. ती ओळ अशी बसवली की जाहिरात दिसेल तेव्हा तीच आधी दिसेल. मग नावासाठीची बोली वाढवली. फ्रिजच्या कॅम्पेनचे पैसे कापले, नाचणाऱ्या मशीनचे कापले, आणि सगळे नावावर घातले. भाऊजींच्या वर जायला काय लागेल ते लागो. कॅम्पेन बांधताना असं करू नये असं शिकवतात, रागाच्या भरात तर मुळीच नाही. मी केलं.

हे मागे जाऊन पुन्हा मशीनपाशी बसले होते, पण पान्याचा आवाज येत नव्हता.

दुपार कलायच्या आत भाऊजींचा फोन आला. मला नाही, यांना. भावाचा फोन आला की हे बसलेले असले तर उठून उभे राहतात, तसे उभे राहिले.

“हो दादा... हो, बघितलं... तसं नाही रे. नाही, तुझं नाव नाही लिहिलं कुठे... हो. हो, लोक विचारणार. हो. आईला कशाला सांगतोस? बरं. हो, सांगतो. हो दादा.”

फोन खिशात गेला.

“ती ओळ काढून टाक म्हणतो.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“ऐकलंस ना.”

मी खुर्चीतून उठले. ओरडायचं म्हणून तोंड उघडलं, पण ओरडून ओरडून माझा घसा बसला होता. “मग काढा,” मी म्हटलं. “ही ओळ. हे बटण. तुमचं दुकान, तुमचे वडील, तुमचे दादा. मी हात लावणार नाही. पण एकदा काढलीत की उद्यापासून या फोनवर ‘तुमचा माणूस’ म्हणून जो कोणी शिव्या घालेल, त्याच्याशी तुम्ही बोलायचं. मी नाही बोलणार. मला यापुढे त्या नावाची लाज वाटत फोन उचलायचा नाही.”

हे आले आणि माझ्या खुर्चीत बसले. या खुर्चीत मी यांना कधी बसलेलं बघितलं नव्हतं. गुडघे टेबलाला लागत होते. हात चिंधीला पुसले, शर्टाला पुसले, आणि मग स्क्रीनकडे बघत राहिले. वर सासऱ्यांचं नाव, खाली माझी ओळ. बोट बटणाजवळ गेलं आणि तिथेच थांबलं. मी समोरच्या गोदामाच्या भिंतीकडे बघायला लागले, कारण यांच्याकडे बघितलं असतं तर मी काहीतरी बोलले असते. हे मधेच एकदा नाक ओढल्यासारखं करून थांबले.

मग खुर्ची करकरली.

“यात अजून एक ओळ बसते का?” यांनी विचारलं.

“बसते.”

“मग लिही.” हे खुर्चीतून उठले नाहीत, म्हणून मी वाकून टाइप करायला लागले. हे एकेक शब्द सांगत गेले, माझ्याकडे न बघता. “कोपऱ्यावरचं. भावाचं दुकान. आमचं नाही.”

मी टाइप केलं. चौकट लाल झाली.

“मावत नाही,” मी म्हटलं. “एक शब्द काढावा लागेल.”

यांनी ती ओळ पुन्हा वाचली. ओठ हलत होते. मग स्क्रीनला बोट टेकवलं.

“भावाचं काढ,” हे म्हणाले.